देवाची वही आणि वाडीची वही

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं, नोकरी ठाण्याला. देवावर विश्वास नाही म्हणून दोन वर्षं शिमग्याची घरटी पंधराशे रुपये वर्गणी दिली नाहीत. यंदा गावकीने, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या मंडळाने, बैठक घेऊन ठरवलं की शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी तुमच्या अंगणात येणार नाही, आणि वाडीच्या पंपाचं पाणीही तुमच्या घराला बंद. गावी आई एकटी. तुम्ही लिहिता, ‘मी स्वतःला उदारमतवादी समजतो. धर्म आणि उदारमतवाद एकत्र नांदू शकत नाहीत असंच मला वाटतं. मग कायद्याचा धाक दाखवून पालखी घरी आणायला लावणं हा माझा ढोंगीपणा नाही का? की गावाचं नावच टाकावं?’

मी रत्नागिरी जिल्ह्यात एकोणतीस वर्षं वकिली करतोय. त्यातली निम्मी अधिक देवस्थानं, वहिवाटी, मानपान आणि वाळीत टाकण्याच्या भांडणांत गेली. तुमचा मजकूर दोनदा वाचला. त्यात देवाबद्दल मोजून दोन ओळी आहेत. बाकी सगळं पाण्याबद्दल, आईबद्दल आणि समोरच्या घरातले बोलत नाहीत याबद्दल. तुमचं भांडण देवाशी नाहीच. तीन वेगळ्या गोष्टी एका गाठीत आल्यात: पाणी कुणाचं, पालखी कुणाची, आणि तुमच्या घरातर्फे बोलायचं कुणी. त्या सुट्या केल्याशिवाय ‘उदारमतवाद की धर्म’ या प्रश्नाला हात घालण्यात अर्थ नाही.

तरीही तुम्ही विचारलंय म्हणून त्या मोठ्या प्रश्नाकडे आधी वळतो. एकत्र नांदू शकत नाहीत, हे मला पटत नाही. जॉन लॉकने सहिष्णुतेवरचं आपलं पत्र १६८९ मध्ये प्रसिद्ध केलं. उदारमतवादाच्या पायातल्या दगडांपैकी तो एक, आणि तो बसवणारा माणूस श्रद्धावान ख्रिस्ती होता. त्याचा युक्तिवादही श्रद्धेतूनच निघालेला: मारून मुटकून लादलेली भक्ती देवालाच चालत नाही, तर सरकार ती लादून काय मिळवणार? चर्च ही त्याच्या लेखी स्वेच्छेने जमलेल्या लोकांची संस्था. नियम न पाळणाऱ्याला तिने खुशाल बाहेर काढावं, पण त्यामुळे त्या माणसाच्या अंगाला आणि मालमत्तेला धक्का लागता कामा नये. पुढे तो फार व्यवहारी बोलतो. धर्मोपदेशकाने बहिष्कृत माणसाला विधीतली भाकर आणि मद्य नाकारलं तर त्याचं नागरी नुकसान होत नाही, कारण ती भाकर त्याच्या पैशाने विकत आणलेली नसते, दुसऱ्यांच्या पैशाची असते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा समोर आमच्या गावकीची वर्गणीची वही उभी राहिली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज, आणि बोलतोय प्रसादाच्या नारळाबद्दल.

म्हणजे लॉकच्या मापाने तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. वर्गणी दिली नाहीत, प्रसाद मिळाला नाही, तर तक्रारीला जागा नाही. पाणी तोडलं, तर आहे. (त्याच पत्रात लॉक नास्तिकाला सहिष्णुतेतून वगळतो बरं का. देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा कसा ठेवायचा, असा त्याचा प्रश्न. तुमची गावकी तुम्हाला निदान चहाला तरी बोलवत होती.)

पण लॉकचं माप आमच्या वाडीला पुरतं बसत नाही. चर्चमध्ये माणूस दाखल होतो असं तो गृहीत धरतो. गावकीत कोण दाखल होतं? तुम्ही जन्मलात, बारसं झालं, वहीत तुमच्या आजोबांचं नाव होतंच, त्याखाली तुमच्या वडिलांचं आलं. बाहेर पडायचं म्हटलं तर पडून जायचं कुठे? मुंबईत माणूस समाजातून फुटला तर दुसरी चाळ, दुसरं दुकान, दुसरी दाहिनी सापडते. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. १९७७ साली ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधी न करता मुंबईत दहन झालं. मिरजोळीत ते कितपत जमलं असतं, याचा विचार करून बघा. वाडीत विहीर एक, पाखाडी म्हणजे बांधीव पायवाट एक, स्मशानाची वाट एक, आणि ती वाट तिघांच्या परड्यातून जाते. तिथे ‘तुझं आमचं काही नाही’ या चार शब्दांचा अर्थ फार वेगळा होतो.

याचा आमच्याकडचा सगळ्यात बोलका दाखला दापोलीजवळच्या मुरूडचा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं. त्याआधी याच माणसाने पुढाकार घेऊन गावाच्या कामांसाठी मुरूड फंड उभा केला होता, म्हणजे आजच्या भाषेत मुंबई मंडळाचा कार्यकर्ता. गावाने बैठक घेतली आणि ठरवलं की कर्वे ज्या सभेला असतील तिथे कुणी बसायचं नाही, आणि ते घरी येऊन राहिले तर त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकायचं. सरकारने काही केलं नव्हतं. १८५६ पासून विधवाविवाह कायदेशीरच होता. इंग्रज उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये जे बजावलं होतं, की समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा खोल शिरतो, सुटकेच्या वाटा कमी ठेवतो, ते मुरूडच्या बैठकीने अक्षरशः करून दाखवलं. शिक्षा कर्व्यांपेक्षा त्यांच्या आईला जास्त झाली. तुमच्या आईचं आठवलं ना?

आपल्या कायद्यानेही हा घोळ बराच काळ घातलाय. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने समाजबहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो कायदा रद्द केला. कारण असं की धर्माच्या कारणावरून सभासदाला काढणं हा पंथाचा कारभार, आणि तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ ने राखलेला आहे. सरन्यायाधीश सिन्हांनी एकट्याने विरोधात निकाल लिहिला: दफनाची जागा, प्रार्थनास्थळ, नातीगोती सगळं तुटत असेल तर याला नुसता धार्मिक कारभार कसं म्हणायचं? मला विचाराल तर तो अल्पमतातला निकाल आमच्या जिल्ह्यात बसूनच लिहावा असा आहे. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा मुद्दा नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. रायगडातून वाळीत टाकण्याच्या तक्रारींवर तक्रारी येत होत्या, त्यामुळे त्याच्या जन्माला आमचा किनाराही कारण आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात पाणी, वाट, स्मशान हे तर येतंच, पण समाजातल्या माणसाला धार्मिक कार्यक्रमात किंवा मिरवणुकीत भाग घेण्यापासून अडवणंही येतं. लॉक जिथे थांबला असता त्याच्या पुढे हा कायदा जातो. तेव्हा तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात तर तुमची तक्रार हवेतली नाही, एवढं नक्की.

पण थांबा. एक सांगतो, माझ्याच हातून झालेलं.

कायदा नवा होता आणि माझा हात जरा शिवशिवत होता. एका वाडीत एक निवृत्त गिरणी कामगार आणि त्याची बायको, दोघांना जमिनीच्या व्यवहारावरून वाळीत टाकलेलं. मी तक्रार करवली. पोलिसांनी पंचांना बोलावलं, पंच नरमले, लिहून दिलं. शिमग्याला पालखी त्यांच्या घरी जाणार असं ठरलं, आणि मी मोठ्या दिमाखात बघायला गेलो. अंगण शेणाने सारवलेलं, रांगोळी, सुपात ओटी तयार. फाटकाशी दोन हवालदार. पालखी आली, पाटावर टेकली. म्हातारीने ओटी भरली. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि पहिल्या वाक्यानंतर थांबला, कारण ‘व्हय महाराजा’ म्हणणारं कुणी नव्हतं. भोई खाली बघत उभे, मागची माणसं फाटकाच्या पलीकडे. शेवटी हवालदारांपैकी एक, तोही गावचाच पोर कुठल्या तरी, सवयीने बोलून गेला, ‘व्हय महाराजा’. पाच मिनिटांत पालखी उठली. केलेल्या चहाचं भांडं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी त्या बाईनेच मला फोन करून सांगितलं की यंदा काही करू नका.

कायदा पालखी अंगणात आणू शकतो. ‘व्हय महाराजा’ आणू शकत नाही. म्हणून मी आता पालखीसाठी तक्रार शक्यतो करत नाही. पाण्यासाठी, वाटेसाठी, स्मशानासाठी करतो, आणि एक दिवस थांबत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका गावातलं प्रकरण आलं. बेचाळीस घरांची वाडी. त्यातली दोन घरं एका संप्रदायात गेली. त्यांना राखणीचं कोंबडं, म्हणजे राखणदार देवाला द्यायचा बळी, वर्ज्य, म्हणून त्यांनी वर्गणी थांबवली. लक्षात घ्या, ही माणसं देव न मानणारी नव्हती, देव जरा जास्तच मानणारी होती. मोकळीक तुमच्यासारख्यांना लागते तेवढीच, किंबहुना जास्त, अशा कट्टर श्रद्धाळूंना लागते. युरोपातही ती आधी मागितली ती छोट्या पंथांनीच.

मी बैठकीत वही मागितली. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही, कोपरे तेलकट. आत घरटी एकच आकडा, आणि खर्चाच्या बाजूला काय होतं बघा: पालखीचे गोंडे, ढोलाची कातडी, गुरवाचं मानधन, राखणीचं कोंबडं, पंपाच्या मोटरचं वाइंडिंग, पाखाडीला चार पोती सिमेंट, स्मशानातल्या शेडचे पत्रे. सगळं एका रकमेत. म्हणजे ज्याला कोंबडं नको त्याला सिमेंटही देता येत नाही, आणि सिमेंट दिलं नाही म्हणून पाणी बंद. कुणी डाव रचून हे केलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकच माणूस वही लिहीत आला आणि त्याच्या लेखी देव आणि वाडी हे एकच होतं.

मी म्हटलं, दोन वह्या घाला. एक देवाची, एक वाडीची. वाडीची सक्तीची, सगळ्यांना सारखी. देवाची ज्याच्या त्याच्या मनाने. तीन तास वाद झाला. एक म्हातारे मानकरी उठून म्हणाले, ‘वकीलसायब, असं केलंत तर देवाला कोन देईल?’ शेवटी एक वर्ष करून बघू म्हणून मान्य झालं. वर्षअखेर देवाच्या वहीत चाळीस घरांची रक्कम पूर्ण जमा होती. थकबाकी निघाली ती वाडीच्या वहीत, पंपाची. ते मानकरी मला अजून हसतात. त्या दोन घरांचं पाणी मात्र पुन्हा कधी तुटलं नाही, आणि त्यातल्या एका घरचा मुलगा आता गावच्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवतो. कोंबड्याच्या वेळी तो बाजूला होतो इतकंच.

हे सगळीकडे जमतं असं मी म्हणणार नाही. देवस्थानाला इनाम जमीन असेल, किंवा मानपानाचं भांडण भावकीत आधीच पेटलेलं असेल, तर दोन वह्यांच्या नावाने दोन तट पडतात. ट्रस्ट धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असेल तर हिशेब मागायची रीत वेगळी. नोंदलेला नसेल, नुसती गावकी असेल, तर तिने ठोकलेल्या दंडाला कागदावर काही किंमत नाही, मात्र बैठकीत मोठी असते. यातलं तुमच्याकडे काय आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

वेगळं करण्याची ही युक्ती माझी नव्हे. महाडचं घ्या. १९२३ मध्ये सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तो आपल्या चवदार तळ्याला लावला. तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ उजाडला, आणि ओंजळभर पाणी प्यायल्यावर गावात अफवा काय उठली? आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्यावरून मारहाण झाली. पाणी आणि देव लोकांच्या डोक्यात कसे एकाच वहीत होते, ते यात दिसतं. बाबासाहेबांनी पुढे दहा वर्षं खटला लढवला. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा शास्त्रात काय आहे यावर तो ठरला नाही. तळं नगरपालिकेचं की खाजगी, आणि विरोधक म्हणतात ती रूढी अनादी काळापासूनची असल्याचं सिद्ध झालं का, यावर ठरला. सिद्ध झालं नाही. शास्त्रावरचा हल्लाही त्यांनी केलाच, १९२७ च्याच डिसेंबरात मनुस्मृती जाळून, पण तो कोर्टाबाहेर. दोन कामं दोन ठिकाणी. वकील म्हणून मला त्यातली शिस्त फार आवडते.

आता ढोंगीपणाचं. इथे तुमच्या विचारात एक गल्लत आहे, आणि गंमत म्हणजे ती गावकीचीच आहे. गावकीचा हिशेब घरटी चालतो. एक उंबरा, एक वर्गणी, एक मत. तुम्ही नाही म्हणालात की घर नाही म्हणालं. उदारमतवादाचा हिशेब माणशी आहे. मग तुमच्या अविश्वासाचा भार तुमच्या आईवर का? तिला पालखी हवी आहे की नाही, हे तुमच्या सगळ्या मजकुरात कुठेच नाही. तिला हवी असेल, तर तिच्या पेन्शनीतून, तिच्या नावाने, देवाच्या वहीत ती पैसे देऊ शकते आणि पालखी तिची. तुम्ही त्या दिवशी अंगणात हात जोडलेत काय आणि मागच्या पडवीत बसलात काय, तो तुमचा प्रश्न. यात ढोंग नाही. तिच्यातर्फे तुम्ही परस्पर ‘नको’ म्हणून बसलात, खटकलं ते मला जास्त.

न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण यात नेहमी निघतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून ग्रामण्य झालं, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद उठला. स्वतःला त्यात काही पाप वाटत नसताना, बरोबरच्या मित्रांची घरातली कोंडी फुटावी म्हणून रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनी त्यांना धारेवर धरलं. मीही तरुणपणी धरलं असतं. पण ते प्रायश्चित्त त्यांनी स्वतः घेतलं, सगळा भार मित्रांवर टाकून ते बाजूला राहिले नाहीत, हा फरक मला आता दिसतो. तुम्ही दंड भरून माफी मागावी असं मात्र मी मुळीच सुचवत नाही. चुकीचा पायंडा पडतो, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर बसतो.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? सुटीच्या दिवशी गावी गेलो असतो, आईला एकटीला गाठून विचारलं असतं, आणि ती जे म्हणेल ते मध्ये न बोलता ऐकलं असतं. मग मानकऱ्यांपैकी ज्याच्याशी वडिलांचं बरं होतं त्याच्या घरी गेलो असतो, बैठकीत नव्हे. वाडीच्या कामाचा वाटा, पंप, पाखाडी, स्मशान, मागच्या दोन वर्षांचा धरून, रोख पुढे ठेवला असता आणि पावती मागितली असती. देवाच्या खर्चाचं सांगितलं असतं की आई तिचं बघेल, माझं मला माफ करा. हे सगळं तोंडी, नरमाईने. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर नाही. तिथे लिहिलेलं बोरिवलीतले आणि विरारमधले आधी वाचतात, आणि गावात न राहणारी माणसं गावाच्या अब्रूबद्दल फार हळवी असतात. ग्रुपवर आलेल्या बैठकीच्या ठरावाचा फोटो मात्र जपून ठेवा, तारखेसकट.

पैसे पुढे केल्यावरही पाणी सुरू झालं नाही, तर आठवडाभर वाट बघून लेखी तक्रार द्या, आणि ती फक्त पाण्याची द्या. पालखीचं नाव त्यात घालू नका, कायद्यात बसत असलं तरी. पाण्याच्या तक्रारीवर कुणी उठून ‘देवाचा अपमान’ म्हणू शकत नाही. पालखी घातलीत की सगळी वाडी एका बाजूला आणि तुम्ही एकटे दुसऱ्या.

गाव टाकायचं की नाही, ते मी सांगणार नाही. पण आई तिथे असताना तुम्ही गाव टाकता म्हणजे नेमकं कोण टाकतं, ते बघा.

एक गोष्ट बघून कळवा. तो पंप ग्रामपंचायतीच्या योजनेतला आहे की वाडीने स्वतः बसवलेला? वीजबिलावर नाव कुणाचं येतं ते बघितलंत की कळेल. पंचायतीचं असेल तर ते तोडण्याचा अधिकार बैठकीला मुळात नव्हताच, आणि मग तुमचं काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) टेबलावरच संपेल, माझ्यापर्यंत यायची गरज नाही.